डाव्या कोपऱ्यातली मुलगी

कबड्डीचं समालोचन हा माझा धंदा आहे असं सांगितलं, की लोक विचारतात, "ते ठीक, पण कामाला कुठे?" बदलापूर-अंबरनाथच्या आसपास कुठेही मैदानावर चुन्याच्या रेघा पडल्या, की मला फोन येतो. मधल्या दिवसांत उल्हासनगरला कॅम्प तीन भागात जीन्सच्या दुकानांच्या उद्घाटनांना माइकवर बोलतो. तिथल्या एका शेठने शिकवलं होतं, "बोलते रहो भाई, चुप हुआ तो पब्लिक गया." हे मी इतकं मनावर घेतलं, की घरी जेवतानाही थांबत नाही, असं बायकोचं म्हणणं.

माझी मुलगी कबड्डी खेळते. डाव्या कोपऱ्यावर. चढाईला आलेलीचा घोटा धरून तिला रोखायचं, हे तिचं काम. झेप ती सुंदर घेते. पाय मात्र क्वचित हाती लागतो.

जांभूळ गावात माझे सासरे असतात. मी त्यांना मामा म्हणतो. तरुणपणी तेही कोपऱ्यावरच खेळायचे. साखरेने त्यांची नजर गेली, तेव्हापासून नातीचा सामना असला की ते ओट्यावर बसून मोबाइल कानाला लावतात आणि यूट्यूबवर माझं समालोचन ऐकतात. तिच्या पहिल्याच सामन्यात पाय निसटला आणि माझ्या तोंडून निघालं, "काय ती झेप! वाघीण आहे वाघीण!" खोटं नव्हतं हो. झेप होतीच. निसटलेल्या पायाचं तेवढं सांगायचं राहिलं. संध्याकाळी मामांचा फोन. "जावयबापू, पोरीनं माजं नाव राखलं." आवाज ओला होता. मग काय, प्रत्येक सामन्यात वाघीण झेपावत राहिली.

पण मैदानावर भोंगे असतात. मी मामांच्या कानात जे घालत होतो, ते सगळं मैदान डोळ्यांनी बघत होतं. समोरच्या संघातल्या मुली पाय सोडवून परत जाताना हळूच "म्याव" करायच्या. मला वाटायचं, खेळात चेष्टा चालायचीच.

अंबरनाथच्या स्पर्धेला निघालो तेव्हा स्कूटरवर ती मागून म्हणाली, "पप्पा, आज माझ्याबद्दल काही बोलूच नका."

"अगं, आजोबा ऐकतात."

"मग त्यांना घरी जाऊन गोष्टी सांगा ना! सगळे विचारतात, बापाने सेटिंग लावलीय का. उद्या मी खरंच पकड केली तरी कोणी मानणार नाही. आज परत वाघीण ऐकू आली ना, तर मी खेळणं सोडते."

ती गंमत करत नव्हती. पुढचा सगळा रस्ता मी गप्प होतो. शेठने बघितलं असतं, तर कामावरून काढलं असतं.

मैदानावर पोचलो, तर माझ्या टेबलाशेजारी खुर्चीत मामा! मेहुण्याने रिक्षातून आणलं होतं. "फोनवर आवाज मागून येतो," मामा म्हणाले. "म्हटलं, आज तुमच्या बाजूला बसून पोरीला बघतो."

सामना सुरू झाला. तिची पहिलीच झेप, आणि पाय निसटला. ती गुडघ्यांवर तशीच राहिली आणि थेट माझ्याकडे बघू लागली. इकडे मामा कान पुढे करून बसलेले. माझ्या हातात माइक आणि तोंडात काही नाही. आयोजक लांबून हात हलवायला लागला, त्याला वाटलं वायर निघाली.

"डाव्या कोपऱ्याने झेप घेतली," मी म्हणालो. "घाई केली. पाय निसटला. गुण गेला."

म्याव कोणी केलं नाही. तिने नीकॅप वर ओढली आणि जागेवर गेली. मामांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. त्या दिवशी पाय आणखी निसटले, ते सगळे मी सांगितले. एकदाच घोटा घट्ट धरला गेला, तेव्हा "पकडली" म्हणताना माझा आवाज फाटला. संघ हरला.

मामांनी विचारलं, "आधीचं सामनं पन असंच?"

"हो मामा."

त्यांनी काठीची मूठ चोळली. "मी गावात सगल्यांना सांगितलंय," एवढंच म्हणाले. त्यापेक्षा त्यांनी काठी घातली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मुलगी आली, त्यांच्या पाया पडली. "आजोबा, हरलो आम्ही."

"आयकलं. झेप घेताना बघतेस कुठं तू?"

"तिच्या तोंडाकडे."

"तोंडाकरं कशाला बघाचं? तोंड खोटं बोलतं. कमरंकरं बघ."

मी पाण्याची बाटली उघडण्यात गुंतलो. ती आधीच उघडी होती.

मुलगी मामांसमोर मातीत बसली, आपला पाय त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "दाखवा ना, कसं धरायचं." मामांनी घोटा चाचपला, बोटं फिरवली आणि असा आवळला, की ती ओरडली. मग दोघंही हसली.

"रविवारी जांभूळला येऊ?"

"ये," मामा म्हणाले. "बापाला नको आनू."