सातानं भाग जाते!

मोठा आकडा दिसला की भाऊ डोळे मिटायचे, पुटपुटायचे आणि एकदम ओरडायचे, "सातानं भाग जाते!" महागावच्या जिनिंगमध्ये ते काट्यावर, म्हणजे कापसाच्या गाड्या मोजायला होते आणि मी शेजारच्या टेबलावर. कापसाची ती वर्षं अशी वाईट, की गाड्याच येईनात. मग रिकामा बसलेला हा माणूस ट्रकचे नंबर, गाठींवरचे आकडे, जे दिसेल ते भागत सुटला. भाग गेला नाही तर चेहरा पडायचा. "मूळ संख्या हाये राजेहो. कोनातच मिसळत नाही बिचारी." खोटं कशाला सांगू, माझं डोकं उठायचं.

असा एखादा छांदिष्ट तुमच्याही शेजारी बसला असेल. पण तुमच्या छांदिष्टाने स्वतःच्या पोरीची सोयरीक मोडत आणली होती का?

बायको गेल्यावर एकुलती पोर त्यांनीच वाढवली. कापसाचा भाव पडला की पाहुणे "पुढच्या साली पाहू" म्हणून उठायचे. दोन स्थळं अशीच गेली. तिसरे पाहुणे उमरखेडहून एसटीने आले, तेव्हा मी बजावलं, "भाऊ, आज आकडे बंद!"

"मी कायले बोलतो?"

मुलाचे मामा छिंदवाड्याचे. बोलणं हिंदी आणि कानाने कमी. चहा घेताना त्यांच्या खिशातून तिकीट पडलं. नंबर ५२७५२७. भाऊंनी डोळे मिटले. मी त्यांना कोपराने ढोसलं.

"सातानं भाग जाते! अकरानं भाग जाते! तेरानंबी भाग जाते!"

मामांनी कप खाली ठेवला. "भाग जाती है? लड़की? तीन-तीन बार?" आणि ते चपला शोधू लागले.

पोर पोह्यांच्या बशा घेऊन दारातच उभी होती. ती म्हणाली, "मामाजी, मी कुठंच भागून नाही राह्यली. बाबा तुमच्या तिकिटाले भागून राह्यले. कोनतेबी तीन आकडे घ्या अन् तेच पुन्हा बाजूले लिहा. म्हणजे हजार एकनं गुणलं. अन् सात, अकरा, तेराचा गुणाकार हजार एकच होते. भाग जाईन नाही तर काय!"

मामा बसले. त्यांनी एक संख्या भागून पाहिली, मग दुसरी, मग कागदच मागितला. भागता भागता उमरखेडची शेवटची गाडी निघून गेली. मुक्काम पडला आणि सकाळी सोयरीक पक्की झाली.

पाठवणीला भाऊ रडले नाहीत. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हा माझा हात घट्ट धरून म्हणाले, "पुरा भाग गेला, राजेहो. बाकी शून्य."

आता भाऊ नाहीत. फार आठवण येते हो त्यांची. एसटीत मशीनचं लांबलचक नंबराचं तिकीट हाती आलं की मीही डोळे मिटतो. कधी भाग जातो, पण शेजारच्याला सांगत नाही. न जाणो, बिचारा पोरगी पाहायला निघालेला असायचा.