हैबतीरावांच्या पानाचं कुलूप

दुपारचे तीन वाजत आलेत. वरणभात अंगावर आलाय आणि मी दिवाणावर लवंडले आहे. लॅपटॉप शेजारी उघडाच आहे. पाच मिनिटं डोळे मिटायचे आणि लगेच मदतकेंद्रावर जायचं, असं मी स्वतःला बजावते. पंखा कुरकुरतो आहे.

मदतकेंद्र म्हणजे आमच्या ज्ञानकोशातलं एक पान. हा कोश इंटरनेटवर आहे. त्यात कोणीही लिहू शकतं, म्हणून कोणीही अडकूही शकतं. फोटो चढत नाही, तक्ता मोडला, काल लिहिलेलं आज गायब झालं, असली गाऱ्हाणी घेऊन नवे लोक तिथं येतात आणि मी त्यांना वाट दाखवते. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाले, पण लाल पेनाची खाज काही हातातून गेली नाही.

डोळा लागता लागता हैबतीराव मदने आठवतात. हल्ली रोजच आठवतात.

त्यांना मी कधी पाहिलेलं नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात ते पाटकरी होते. पाटाचं पाणी कोणाच्या वावरात कधी सोडायचं, ती पाळी सांभाळणारा माणूस. लेकीच्या मोबाइलवरून त्यांनी आपल्या गावच्या पाटावर लेख लिहिला. लेख चांगला होता, पण प्रत्येक परिच्छेदाखाली स्वतःचं नाव. पाण्याच्या वहीत प्रत्येक पाळीखाली सही करायची जन्माची सवय! कोशात लेखाखाली सही करत नाहीत. पाच वेळा समजावलं. सहाव्यांदा माझं डोकं फिरलं आणि मी पानाला कुलूप घातलं. मी प्रचालक आहे, तेवढा अधिकार मला आहे. कुलूप असलं की नव्या माणसाला पान वाचता येतं, पण बदलायचं बटण दिसत नाही. मग त्यांनी माझ्या नद्यांच्या लेखात, भर मधोमध, काहीतरी लिहून ठेवलं. 'ताई' एवढा शब्द दिसला आणि पुढचं न वाचता मी ते एका टिचकीत उलटवलं, म्हणजे लेख आधी होता तसा परत केला. दहा दिवसांपूर्वी त्यांच्या लेकीनं, सुनंदानं, कळवलं की अण्णा गेले. मी उलटवलं ती तारीख आणि ते गेले ती तारीख ताडून पाहायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

पंख्याचा आवाज लांब जातो.

मी सातवी ब च्या वर्गात बसले आहे. खुर्चीत नाही, बाकावर. बाक लहान मुलांचं आहे, गुडघे फळीखाली घट्ट बसलेत आणि निघत नाहीत. समोर रांग लागली आहे. रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात एक कागद.

"मॅडम, माझं नाव लाल रंगात का येतं?" पहिला विचारतो.

"तुमचं सदस्यपान तयार झालं नाही म्हणून. पुढे."

"मी आमच्या देवीचा फोटो चढवला, तो काढला कोणी?"

"फोटो तुम्ही स्वतः काढलाय का? नाही ना? मग झालं. पुढे."

मी भराभर उत्तरं देते. हात सवयीनं चालतो. उत्तर मिळालेला माणूस दाराकडे जातो आणि पुन्हा रांगेच्या शेवटी येऊन उभा राहतो. मला हे दिसतं, पण यात काही वावगं वाटत नाही. वर्गाच्या दाराला आतूनही कडी नाही आणि बाहेरूनही नाही. ते नुसतंच बंद आहे.

"ताई."

समोर पंचाहत्तरीकडे झुकलेला माणूस. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय पोटरीपर्यंत ओले. मी त्यांना लगेच ओळखते. कसं ओळखलं, हा प्रश्नच पडत नाही.

'हैबतीराव, माझं चुकलं,' असं म्हणायला मी तोंड उघडते.

"नमस्कार, ज्ञानकोशावर आपले स्वागत आहे," माझं तोंड म्हणतं. "कृपया आपल्या लेखनास विश्वासार्ह संदर्भ द्यावेत."

हे मीच लिहिलेलं आहे. नव्या माणसाच्या पानावर डकवायचा मजकूर, पाच वर्षांपूर्वी मी घासूनपुसून तयार केला. तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली होती.

"ते मी वाचलंय," हैबतीराव म्हणतात. "धा बारी डकवलंसा तुमी. आता तोंडानं बोला की."

मी पुन्हा प्रयत्न करते. सुनंदाचा निरोप मिळाला, मला फार वाईट वाटलं, एवढंच सांगायचं आहे.

"आपण केलेला बदल चाचणी असल्याचे दिसून आले, म्हणून तो उलटवण्यात आला आहे."

माझ्या डोळ्यांत पाणी येतं. तोंड मात्र सरकारी कचेरीसारखं कोरडं. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, इथं जीभ माझी आणि टाळू दुसऱ्याच कोणाची. रांगेतले लोक शांतपणे बघताहेत. मी बाकातून पाय ओढते, तर पायांना गार लागतं.

पाटाचं पाणी आहे. मी पाटात उभी आहे, मांड्यांपर्यंत. दोन्ही बाजूंना दगडी काठ, माझ्या डोक्याहून उंच. बाक अजून कमरेला अडकलेलंच आहे. समोर पाटाचं लोखंडी दार पाण्यात उतरलेलं, त्याला कुलूप, आणि दाराच्या गजांपलीकडे हैबतीराव. पाणी त्यांच्या छातीला लागलं आहे.

"दार उघडा ताई, पाणी चढतंय," ते म्हणतात. आवाजात घाई नाही. पाऊस येईलसं वाटतं, असं म्हणावं तसं.

"सदर पान सुरक्षित करण्यात आले आहे."

"व्हय, तुमीच केलंसा. किल्ली बी तुमच्याकडंच हाय. पर आदी माजं ऐका. त्या पानावर एक ओळ खोटी हाय."

मी मान हलवते. निदान मान तरी माझी आहे.

"आमच्या गावात शेवटच्या वावराला आदी पाणी. मुखाकडचा शेवटी. तशी रीतच हाय. ते म्या लिवलं, बरोबर लिवलं. फुडं म्या काय लिवलं हुतं, ध्यानात हाय का?"

ध्यानात आहे. नको तेव्हा सगळं ध्यानात येतं. त्यांनी लिहिलं होतं, 'या रीतीत बहुतेक चूक होत नाही.' बहुतेक म्हणजे काय, असं मनात म्हणून मी तो शब्द काढला. कोशात मोघम बोललेलं चालत नाही. वाक्य मी नीट केलं, 'या रीतीत आजवर कधीही चूक झालेली नाही.' वर त्यांना शिकवलंही, वाक्य कसं ठाम असावं.

"तुमी केलंसा ते वाचलं आन् माजा जीवच अडकला," हैबतीराव म्हणतात. "बहात्तर साली चूक झाली ना! म्याच केली."

पाणी आता माझ्या पोटाला लागतं.

"शेवटचं वावर गौराबाई खरातांचं. एकटी बाई. माज्या भावाचा मका करपत हुता. म्या दार फिरवलं. निस्तं दोन तास. गौराबाईच्या वावरापत्तुर पाणी पोचलंच न्हाई. जुंधळा वाळला. बाई खडी फोडायला गेली दुष्काळी कामावर, पोरीला पाठीशी बांधून. तिला वाटलं, वरनंच पाणी कमी आलं. म्या सांगितलं न्हाई. वहीत तिच्या पाळीखाली सही मातर केली."

"मग लेख लिहितानाच का नाही सांगितलंत?" हे माझं बोलणं आहे! माझा स्वतःचा आवाज. मी दचकते.

"सांगाय धीर नको? आदी 'बहुतेक' लिवलं. म्हनलं, येवढं तरी लिवावं, फुडचं हळूहळू. तर तुमी तेबी काढलंसा."

"हैबतीराव, मला माफ करा."

"माफी नगं. वळ बदला."

मला ती ओळ बदलायची आहे, अगदी मनापासून. पण एकतीस वर्षांची आणि त्यावर पाच वर्षांची सवय माझ्या आतून उठते आणि मी विचारते, "याला संदर्भ काय?"

ते हसतात. रागावत नाहीत, याचंच मला जास्त लागतं.

"गौराबाई गेली. भाऊ गेला. वहीत तर सही हाय, सगळं ठीक असल्याची. ऱ्हायलो मी, तर मी हा असा. आता काढा संदर्भ."

"मग मी कशी बदलू?"

"ते मदतकेंद्रवाल्यांनी सांगायचं," हैबतीराव म्हणतात. पाणी त्यांच्या गळ्याला लागलं आहे.

मी कुलूप हातात धरते. कुलपाला किल्लीचं भोकच नाही. गजांमधून हात घालते तर पलीकडे वर्गाचा फळा लागतो, खरखरीत, आणि खडूची धूळ. मी सातवी ब मध्ये आहे. रांग माझ्याभोवती गोल फिरते आहे, प्रत्येक जण आपला कागद पुढे करतो आहे, आणि प्रत्येक कागदावर माझाच प्रश्न आहे, ओळ कशी बदलू? वर्गात पाणी शिरलं आहे. फळ्याच्या मागून हैबतीरावांचा आवाज येतो, "ताई, बटण गावंना. कुटं दाबू?"

मलाही सापडत नाही. इतक्या लोकांना मी ते दाखवलं, वर उजवीकडे बघा म्हणून. आता वर उजवीकडे नुसती भिंत आहे. मी भिंतीवर बोटं आपटते, जिथं लागतील तिथं. पाणी हनुवटीला लागतं. मी आपटत राहते.

पंखा कुरकुरतो.

छत आहे. माझंच छत. मानेखाली घाम आहे, उजवा हात दिवाणाबाहेर जाऊन लॅपटॉपवर पडला आहे आणि बोटं दुखताहेत. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. मी उठते, पाणी पिते, तोंडावर मारते. जेवून लगेच आडवं पडलं की असलंच काही दिसतं, असं मोठ्यानं म्हणते. घरात ऐकायला कोणी नाही.

मग नद्यांच्या लेखाचा इतिहास उघडते. कोशात काहीच पुसलं जात नाही. उलटवलेलंही इतिहासात पडून असतं, फक्त कोणी बघत नाही. दहा दिवस मी ते बघायचं टाळलं. आता वाचते.

'ताई पाटाच्या पानाला कुलूप हाय. शेवटून तिसरी वळ खोटी हाय ती दुरुस्त करायची हाय. बटण गावंना. उद्या दवाखान्यात नेत्यात. तवा आजच सांगा.'

एवढंच. गौराबाईचं नाव नाही, बहात्तर साल नाही. मी ते उलटवलं ती वेळ शेजारीच आहे. त्यांनी लिहिल्यानंतर चौथ्या मिनिटाला.

रडू येतं आणि येऊ देते. दहा दिवस अडवून ठेवलं होतं.

त्यानंतर पाटाचं पान उघडते. कुलूप काढायचं, एवढंच ठरवलं आहे. पण ते आधीच निघालेलं आहे. शेवटून तिसऱ्या ओळीत 'आजवर कधीही चूक झालेली नाही' हे शब्द नाहीत. तिथं लिहिलं आहे, 'बहात्तर साली दोन तास चूक झाली. गौराबाई खरातांचं वावर वाळलं. पाटकरी मीच होतो.'

इतिहासात नोंद आहे. आज, दुपारी तीन वाजून बावन्न मिनिटं. सदस्य म्हणून माझं नाव.

नोंदीच्या शेजारी 'उलटवा' असं निळ्या अक्षरांत आहे, प्रत्येक नोंदीशेजारी असतं तसं. नियमाप्रमाणे ही ओळ एक मिनिटही राहता कामा नये. संदर्भ नाही. त्यात 'मी' आहे. दुसऱ्या कोणी लिहिली असती, तर मी वाचलीही नसती.

माझ्या पानावर निरोप आल्याची खूण दिसते. नवे बदल तपासत गस्तीवर असलेल्या एका तरुण प्रचालकानं डकवला आहे. 'नमस्कार, ज्ञानकोशावर आपले स्वागत आहे. कृपया आपल्या लेखनास विश्वासार्ह संदर्भ द्यावेत. पहिली सूचना.' माझाच मजकूर, स्वल्पविरामासकट. त्याखाली त्यानं स्वतःची एक ओळ घातली आहे, 'मॅडम, तुमचं खातं दुसरं कोणी वापरतंय का?'

मी उत्तराच्या चौकटीत टिचकी मारते.

'नाही,' मी लिहिते. 'संदर्भ माझ्याकडे नाही आणि कधी मिळणारही नाही. ओळ खरी आहे. तुला उलटवायची तर उलटव, पण आधी पूर्ण वाच.'