आईचा पुदिना आणि कापडाची कात्री

थंडी पडली की टेलरबाईंच्या घरात ऊन कुणाच्या वाट्याचं यावरून कुरबुर सुरू व्हायची. ऊन येणारी खिडकी एकच. एरवी तिच्याखाली शिलाई मशीन असायचं. हिवाळ्यात बाहेरच्या पायरीवरच्या कुंड्या आत यायच्या, मशीन भिंतीकडे सरकायचं आणि सुईत दोरा ओवायला बाईंना भर दुपारी दिवा लावावा लागायचा.

यंदा कुंड्या चार. सब्जाने पहिल्याच गारठ्यात मान टाकली. पार्सली पिवळी पडली. रोझमेरी दिसायला हिरवी, पण हात लावला की झडायची. या तिन्हींचं बाईंनी फार जिवाला लावून घेतलं नाही. रोपवाटिकेत पुन्हा मिळाली असती. जीव अडकला होता चौथ्या कुंडीतल्या पुदिन्यात. तो आईचा होता. जाण्याआधी महिनाभर आईने दोघी बहिणींना ओल्या फडक्यात गुंडाळून एकेक मुळी दिली होती. धाकटीने तिची बाल्कनीत वाळवली. आईच्या घराच्या अंगणावर नव्या मालकाने फरशी घातली. आईच्या हातचं जिवंत असं एवढंच उरलं होतं.

धाकटीचा दर रविवारी फोन यायचा.

"ताई, कसा आहे?"

"कोण, तुझे भाऊजी?"

"भाऊजी ठणठणीतच असणार. पुदिना कसा आहे? थंडी सरली की मला त्यातली मुळी हवी."

"बरा आहे," बाई म्हणायच्या.

बरा कुठला! हीटरच्या उबेने नुसता लांबत चालला होता. दांडे दोऱ्यासारखे, पानं नखाएवढी. आई थंडीच्या तोंडावर पुदिना मातीसरशी कापायची, कुंडी जिन्याखाली ढकलायची आणि विसरून जायची. बाईंना ते पक्कं आठवत होतं. पण आईच्या झाडावर कात्री चालवायला मन धजेना. रोज सकाळी देवाला हात जोडून झाले की त्या कुंडीत बोट खुपसून ओल बघायच्या. ओल असायचीच, कारण निवृत्त नवरोबा पेल्यातलं उरलेलं पाणी येताजाता कुंडीत रिकामं करायचे.

"अहो, त्याला पाणी नको म्हणून कितीदा सांगायचं?"

"घोटभरच होतं गं."

"तुमचे घोट दिवसाला दहा होतात. आणि तो हीटर जरा कमी करा."

"करतो की. मी कुडकुडलो तरी चालेल, पुदिना जगला पाहिजे."

मग पानांखाली मावा दिसला, रस शोषणारे बारीक किडे. बाईंनी साबणाच्या पाण्यात बोळा बुडवून एकेक पान पुसलं. चार दिवसांत मावा परत हजर. पुन्हा पुसलं. तो पुन्हा आला.

त्या आठवड्यात शेजारच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंचा पांढरा युनिफॉर्म कमरेत आत घ्यायला आला होता. बाईंनी तो शिवून, सवयीने खिडकीच्या खुंटीला टांगला, पुदिन्याच्या अगदी शेजारी. माव्याचा चिकटा त्यावर बारीक बारीक उडाला होता. पांढऱ्यावर तो दिसला नाही. इस्त्री फिरवली आणि पुढच्या भागावर तपकिरी ठिपके उमटले. दोनदा धुतलं तरी खुणा राहिल्या.

नर्सबाई न्यायला आल्या. "बाई, यावर चहा सांडला का?"

"मावा आहे. झाडाला लागलाय."

"उद्या सकाळची ड्यूटी आहे हो माझी. असं झाड घरात ठेवलंत कशाला? आम्ही पेशंटलासुद्धा इतके दिवस ठेवत नाही."

नर्सबाई तसाच युनिफॉर्म घेऊन गेल्या. वीस वर्षांत कुणाचं कापड त्यांच्या हातून असं परत गेलं नव्हतं. दार लावून त्या तशाच खिडकीशी गेल्या. हाताशी होती ती कापडाची मोठी कात्री. तिने कागदसुद्धा कापायचा नाही असा घरचा कायदा होता. त्यांनी पुदिन्याची जुडी मुठीत धरली आणि मातीसरशी कापली.

नवरोबा पेपर खाली ठेवून बघतच राहिले. "अगं, ती कापडाची कात्री आहे."

"माहितीये."

"मी कॅलेंडर कापलं तेव्हा आठवडाभर बोलली नव्हतीस."

"आताही बोलणार नाहीये."

बाईंनी कुंडी जिन्याखाली ढकलली. मशीन ओढत परत खिडकीखाली आणलं. कापडावर कात्री घातली, तर पहिल्याच कापाला तिने कापड चावलं.

रविवारी फोन आला. कापला म्हटल्यावर धाकटीचा आवाज चढला. "सगळा?"

"आईपण कापायची."

"आईचं वेगळं होतं, ताई. फोटो पाठव आधी."

बाईंनी जिन्याखाली वाकून फोटो काढला, पाठवला.

"यात काय दिसतंय? नुसती माती."

"मला तरी कुठे वेगळं दिसतंय," बाई म्हणाल्या. "खाली असेल तर असेल. देव ठेवेल तसं. थंडी सरेपर्यंत आता विचारू नकोस."

त्यांनी फोन ठेवला आणि वळून पाहिलं. नवरोबा हातात पेला घेऊन जिन्याकडे निघाले होते.

"अहो, तो पेला तिथेच ठेवा."