शुक्रवारी भरलेली टाकी

दादाने माशांची टाकी आणली तेव्हाच माझं टाळकं सटकलं होतं. सहा फुटांची काचेची टाकी, पाणी भरलं की अर्धा टन कुठे गेला नाही. आणि ठेवायची कुठे? तर आमच्या भिवंडीच्या घराच्या वरच्या मजल्यावर, जिथे तो राहायचा. खाली माझे कापडाचे चार लूम चालायचे. वडपे गावची जमीन गोडाऊनवाल्याला विकून पैसा आल्यापासून त्याला रोज नवीन खूळ सुचायचं. कुणीतरी सांगितलं, ईशान्य कोपऱ्यात मासे ठेव, बरकत येईल. झालं!

त्या कोपऱ्याच्या बरोबर खाली तीन नंबरचा लूम, आणि त्यावर आमचे चाचा. आझमगढकडचे, आमच्या वडिलांच्या वेळेपासूनचे कारागीर.

मी म्हटलं, "दादा, मजला लाकडी तुळयांवरचा आहे. खाली माणूस काम करतो."

"तुझा कायम नन्नाच. मिस्त्रीला बोलावलाय ना! काय होत न्हाय."

मिस्त्री आला शुक्रवारी. शुक्रवारी अख्ख्या भिवंडीतले लूम बंद, म्हणजे कामाला मोकळी जागा. त्याने तुळयांखाली आडवा गर्डर घातला आणि त्याला दोन लोखंडी खांब दिले. एक भिंतीलगत. दुसरा तीन नंबरला खेटून, ज्या कोब्यात लूम बोल्टने जखडलेला त्याच कोब्यावर!

चाचा लूमला तेल द्यायला आले होते. त्यांनी खांबाला हात लावला आणि म्हणाले, "सेठ, ये खंबा मशीन के साथ हिलेगा."

मिस्त्री फिदीफिदी हसला. दादा म्हणाला, "चाचा, तुम अपना कपडा देखो." आणि मी? कारागिरासमोर मोठ्या भावाला कसं तोडायचं! डोंबलाची अदब. आजही आठवलं की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

दुपारी टाकी भरली. दादाने झाकणावर चहाचा काठोकाठ भरलेला ग्लास ठेवून दाखवला. थेंब सांडला नाही. "बघ!" म्हणाला. अरे, सांडेल कसा? खाली काही चालूच नव्हतं!

शनिवारी सकाळी शिफ्ट सुरू झाली आणि त्या खांबाला हात लावला तर कोपरापर्यंत झिणझिण्या. लूमचा प्रत्येक ठोका थेट वर जात होता. मी जिना चढून दादाला म्हटलं, "आत्ताच्या आत्ता पाणी काढ." तो म्हणाला, "सांजच्याला बघू." मी संतापून खाली आलो. तीन नंबर बंद करणं माझ्या हातात होतं. पण माल द्यायचा होता, म्हणून चालूच ठेवला.

अकराच्या सुमाराला काचेचा सांधा सुटला. फळ्यांच्या फटींतून सगळं पाणी चाचांवर, लूमवर, चालत्या मोटरवर. चाचा तसेच धावले, ओल्या हाताने मेन स्विच पाडला आणि झटका बसून भिंतीशी कोसळले.

वरून दादा ओरडत होता, "बादली आणा रे, मासे तडफडतायत!"

त्याला मी आईबहिणीवरून शिव्या घातल्या. माणूस मेला असता आणि याला मासे! शिव्या देत देतच मी तीन नंबरकडे धावलो, आणि लूमच्या बीमवर, ताण्याच्या सुताच्या रोळावर, हात फिरवला, सूत किती भिजलंय ते बघायला.

"हम ठीक हैं, सेठ," भिंतीपासून चाचा म्हणाले.

मी विचारलंच नव्हतं.