चाळीस ठोके

थोरलीचं हृदय मिनिटाला बरोबर साठ ठोके द्यायचं. एकोणसाठ नाही की एकसष्ट नाही. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची, आणि तेही अशा रुबाबात, की वाटावं हे हृदय तिनं चार दुकानं फिरून, पारखून आणलंय.

रुबाब अगदीच फुकटचा नव्हता म्हणा. ती ज्या कारखान्यात कामाला होती तिथे हृदयात घालायच्या नळ्या बनत. ज्याच्या हृदयाची लय बिघडलेली असते, ज्याचं हृदय उगाचच धावत सुटतं, अशा माणसाच्या मांडीच्या शिरेतून डॉक्टर ही नळी सरकवत सरकवत थेट हृदयात नेतात. बॉलपेनच्या रिफिलपेक्षा बारीक नळी, आणि तिच्या टोकाकडे प्लॅटिनमच्या इवल्याशा रिंगा. हृदयात वीज कुठून कुठे चाललीय ते या रिंगांमुळे कळतं. सगळ्यात टोकाला असतो धातूचा छोटा गोळा. वीज जिथून जायला नको तिथून जात असेल, तर ती जागा हा गोळा भाजून बंद करतो. एवढं सगळं त्या दोरीएवढ्या वस्तूत! आणि त्यातल्या रिंगा बसवायच्या कामात थोरलीचा हात धरणारं कारखान्यात कोणी नव्हतं.

काम ऐकायला सोपं आहे. केसाहून बारीक तार रिंगेला जोडलेली असते. ती नळीच्या भोकातून आत ओवायची, रिंग नळीवर सरकवायची, दोन्ही कडांना गोंदाचा थेंब लावायचा. मग पायाने पेडल दाबायचं, की निळा दिवा लागतो आणि त्या उजेडात गोंद घट्ट होतो. घट्ट व्हायला लागतात चाळीस सेकंद. तोवर रिंग चिमट्यात अशी धरायची की ती तसूभरही हलता कामा नये. आता हे सगळं मायक्रोस्कोपखाली चालतं, आणि तिथे आपल्या बोटातली नाडीसुद्धा चिमट्याला धक्का देताना दिसते. त्यामुळे इथल्या बायका एक गोष्ट शिकतात, जी दुसऱ्या कुठल्या कामात शिकवत नसतील. दोन ठोक्यांच्या मध्ये जी फट असते, त्या फटीत हात हलवायचा. ठोका आला की थांबायचं. फट आली की हलवायचं.

दिवसभर स्वतःचे ठोके ऐकणारं माणूस ते मोजणार नाही तर काय करेल? थोरली मोजायची. कागदोपत्री प्रत्येक खुर्चीपुढे एक टायमर होता, पण सात टायमर सात वेगवेगळ्या वेळी किंचाळायला लागले की डोकं उठायचं. म्हणून ते केव्हाच खणात गेले होते. थोरली म्हणायची, "धरा." बायका चिमटे धरायच्या. थोरली मनात चाळीस ठोके मोजून म्हणायची, "सोडा." बायका सोडायच्या. बावीस वर्षांत तिचं "सोडा" चुकलं नव्हतं. सुपरवायझरला सगळं माहीत होतं, पण तो काचेपलीकडे बसून न बघितल्यासारखं करायचा.

एकच टायमर वाजायचा. तो धाकटीचा.

धाकटी म्हणजे थोरलीच्या धाकट्या दिराची बायको. अकरा वर्षांपूर्वी थोरलीनंच शब्द टाकून तिला कामाला लावलं होतं आणि स्वतःच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं होतं. आणि या बाईनं दुसऱ्याच दिवशी खणातून टायमर काढला! थोरलीचं "सोडा" होऊन गेल्यावर थोड्या वेळानं शेजारून बारीकसं "टिंग" यायचं. थोरलीला ते थोबाडीत मारल्यासारखं लागायचं. त्यात ती गोंदही केसभर जास्त लावायची. त्या दिवसापासून दोघींमधून विस्तव जात नव्हता. राहायला एकाच इमारतीत वर-खाली, यायला एकाच बसनं, आणि अकरा वर्षं बोलणं काय, तर "दळण आणलंस का" आणि "गोंद कमी लाव."

तर झालं असं की एका मंगळवारी, चहाच्या सुट्टीनंतर, थोरलीच्या छातीत कोणीतरी उड्या मारायला लागलं.

दुखलं वगैरे काही नाही. उलट मजाच वाटली. डोकं हलकं झालं, मायक्रोस्कोपखाली रिंगा चमचमायला लागल्या, उगाचच हसू यायला लागलं. तिनं नेहमीप्रमाणे "धरा" म्हटलं आणि बघता बघता चाळीस झालेसुद्धा. "सोडा!" बायकांनी सोडलं. "धरा! सोडा! धरा! सोडा!" असा दणका उडाला की त्या दिवशी भिंतीवरच्या फळ्यावरचा आकडा आजवर कधी चढला नव्हता एवढा चढला. सुपरवायझरनं काचेपलीकडून टाळ्या वाजवल्या. थोरलीला आकाश ठेंगणं झालं. "या वयात हात आणखी चपळ झाला माझा," असं ती बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. धाकटी खिडकीबाहेर बघत बसली.

तीन आठवडे असं चाललं. रोज नाही, पण अधूनमधून, तासभर. वेळ कमी लागतोय हे तिच्या लक्षात आलं नव्हतं का? आलं होतं. पण चाळीस म्हणजे चाळीस. मोजायला हृदय बसलंय म्हटल्यावर ते खोटं मोजेल, हा विचार तिच्या मनाला शिवलाही नाही.

मग तपासणी खात्यानं नळ्या ओढून बघितल्या. प्रत्येक बॅचमधल्या काही नळ्या मशीनला लावून ओढतात, रिंग किती ताकदीनं निघते ते बघायला. थोरलीच्या बाकावरच्या रिंगा ओढायच्या आधीच निसटायला लागल्या. अख्ख्या बॅचा बाद झाल्या. एकही नळी दाराबाहेर गेली नाही, पण कारखान्याच्या तोंडचं पाणी पळालं. गोंद तपासला, दिवे तपासले, हवा तपासली. बाकावरच्या सात खुर्च्यांपैकी एकाच खुर्चीच्या रिंगा पक्क्या निघाल्या. चार नंबर. धाकटी.

सुपरवायझर हातात घड्याळ घेऊन थोरलीच्या मागे येऊन उभा राहिला. त्या वेळी नेमक्या आत उड्या चालू होत्या. "धरा," ती म्हणाली. "सोडा," ती म्हणाली.

"ताई, तेरा सेकंद झाले," सुपरवायझर म्हणाला.

"चाळीस झाले. मोजलेत मी."

"बरं, मग मोठ्यानं मोजून दाखवता?"

थोरलीनं मोजायला सुरुवात केली, आणि आकडे असे सुटले की "सव्वीस-सत्तावीस-अठ्ठावीस" म्हणताना तिची जीभ वळेना. बायका मास्कच्या आत फिदीफिदी हसायला लागल्या. सुपरवायझर हसला नाही. त्यानं तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि त्याचा चेहरा उतरला. "ताई, हे एकशे ऐंशी आहेत," तो म्हणाला. "बरं होईपर्यंत तुम्ही पॅकिंगला बसा. या खुर्चीवर नको."

बावीस वर्षांची खुर्ची! थोरलीला रडू फुटलं. हातात चिमट्याऐवजी पुठ्ठ्याची खोकी आली.

हृदयाच्या डॉक्टरनं निदान चटकन केलं. जाड काड्यांचा चष्मा लावणारी, पोरसवदा डॉक्टरीण होती. "तुमच्या हृदयात जन्मापासून विजेची एक चोरवाट आहे," ती म्हणाली. "इतकी वर्षं झोपलेली होती, आता जागी झालीय. वीज त्या वाटेनं गोल गोल फिरत राहते. नळी घालायची, ती जागा भाजायची, संपलं. तुम्ही जाग्याच असाल."

"कसली नळी?" थोरलीनं विचारलं, जणू तिला माहीत नव्हतं.

घरी आल्यावर तिनं साफ सांगितलं, मी हे करणार नाही. लोकांना ही नळी चकचकीत, जादूची वस्तू वाटते. थोरलीला तिच्यातला प्रत्येक सांधा माहीत होता, आणि कुठला सांधा कशानं सुटतो हेही. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि स्वतः कुठेही गेला तरी जिन्यानं चढायचा, त्यामुळे तिची बाजू घेणारा माणूस घरात आयताच होता. पण तोसुद्धा म्हणाला, "अगं, मी जिना तरी चढतो. तू खोकी किती दिवस चिकटवणार?"

तिनं आठ दिवस खोकी चिकटवली. नवव्या दिवशी हॉस्पिटलला फोन केला.

टेबलावर ती आडवी झाली तेव्हा खोली गार होती आणि भिंतीवर मोठा पडदा होता. मांडीपाशी सुई देऊन जागा बधिर केली होती. नर्सनं एक पाकीट उचललं आणि नियमाप्रमाणे त्याच्यावरचा नंबर मोठ्यानं वाचला. शेवटचे दोन आकडे ऐकून थोरली ताडकन उठायला गेली.

"थांबा! शेवटी काय म्हणालात?"

"दोन, चार," नर्स म्हणाली.

बाक दोन, खुर्ची चार. "ही माझ्या जावेनं बनवलीय," थोरली म्हणाली.

सगळी खोली तिच्याकडे बघायला लागली. डॉक्टरनं हातातलं काम थांबवलं. "मग? बदलून दुसरी घेऊ? दुसरी आहे."

दुसरी कुठल्या खुर्चीची असेल देव जाणे. तिच्या स्वतःच्या तीन नंबरची असली तर? तपासून बाहेर पडलेली असणार, तरी नकोच. अकरा वर्षं जिला पाण्यात पाहिलं, तिची नळी. आणि जगात या घटकेला तिला तीच हवी होती.

"बदलू नका," ती म्हणाली. "ती गोंद केसभर जास्त लावते. लावू दे. आज जास्तच बरा." आणि तिला असं हसू फुटलं की डॉक्टरला म्हणावं लागलं, "हसा, पण मांडी हलवू नका."

मग नळी आत गेली. थोरलीनं हजारो नळ्या हातून सोडल्या होत्या, पण त्यातली एक कामावर रुजू झालेली ती पहिल्यांदाच बघत होती. पडद्यावर तिचं हृदय म्हणजे करडा धूसर ढग, आणि त्यात काळे काळे ठिपके ओळीनं नाचत होते. रिंगा! एकामागोमाग एक, एकसारख्या अंतरावर. "किती सरळ बसवल्यात मेलीनं," ती म्हणाली. डॉक्टरनं नळीतून विजेच्या बारीक टिचक्या दिल्या आणि चोरवाट जागी झाली. एकशे ब्याऐंशी. ओळखीच्या उड्या, ओळखीचं हलकं डोकं. झोपाळ्यावर उभं राहून जोरात झोका घेतल्यासारखं वाटत होतं. "इथेच आहे," डॉक्टर पडद्याकडे बघत पुटपुटली. "आता जरा गरम वाटेल."

गरम वाटलं. थोरली मोजत होती, एकोणीस-वीस-एकवीस, आणि एकदम सगळं थांबलं.

फट. एवढी मोठी फट तिनं आयुष्यात कधी ऐकली नव्हती. आपण मेलो, असं तिला स्पष्ट वाटलं. मग एक ठोका पडला. मग निवांत दुसरा.

"साठ?" तिनं विचारलं.

"चौसष्ट."

"वरचे चार कुठून आले?"

"भीतीचे आहेत, जातील ते," डॉक्टर म्हणाली, आणि थोरलीचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांतून पाणी कानात जात होतं आणि ती हसत होती.

तीन आठवड्यांनी तिची परीक्षा झाली. तीन नंबरच्या खुर्चीत बसून पाच रिंगा लावायच्या, आणि पाचही मशीनवर ओढून बघणार. एक जरी निसटली तरी कायमचं पॅकिंग. सुपरवायझरनं एक अट आणखी घातली, की यापुढे वेळ टायमरनंच धरायची, सगळ्यांनी. थोरलीनं मान डोलावली. हात फटीत हलला, ठोक्याला थांबला. पाचही रिंगा एवढ्या घट्ट निघाल्या की एका नळीची तारच आधी तुटली.

"बसा, ताई," काचेपलीकडून सुपरवायझर म्हणाला. बायकांनी हातमोज्यांतल्या टाळ्या वाजवल्या. धाकटीनंही वाजवल्या.

थोरली तिच्याकडे वळली. पांढरा झगा, टोपी, मास्क, आणि दोन डोळे तेवढे उघडे. "तुझी नळी होती माझ्या हृदयात," ती म्हणाली. "दोन-चार. तुझ्यामुळे मी बरी झाले, आणि ही खुर्ची राहिली. सांगायचं होतं तुला."

धाकटीनं हातातला चिमटा खाली ठेवला.

"पण एक सांग," थोरलीचा जुना फणकारा थोडासा परत आला. "पहिल्यापासून तू टायमर का लावलास गं? माझ्या मोजण्यावर भरवसा नव्हता ना तुझा?"

"भरवसा होता, ताई."

"मग?"

"तुम्ही 'धरा' म्हणालात की माझ्या छातीत धडधडायला लागायचं. फटच सापडायची नाही, हात उडायचा. ते शांत होईपर्यंत मी थांबायचे आणि मग धरायचे. तोवर तुमचं 'सोडा' व्हायचं. पहिल्या दिवशी चार रिंगा वाया गेल्या माझ्या. मग टायमर काढला."

"रोज?"

"रोज."

"अकरा वर्षं?"

धाकटीनं मान हलवली. थोरलीनं पुढे होऊन तिचं मनगट धरलं आणि टायमरकडे बघत मोजलं. "अगं बाई! एकशे दहा! आत्तासुद्धा?"

"तुम्ही हात धरलाय ना."

"मी काय वाघ आहे का?"

"वाघ परवडला, ताई."

दोघी एवढ्या हसल्या की मास्कमधून वाफ वर येऊन मायक्रोस्कोपच्या काचा धुरकटल्या. सुपरवायझरनं काचेवर टकटक केलं, पण थोरलीनं त्याच्याकडे बघितलंही नाही. तिनं ते मनगट सोडलं नव्हतं. बोटांखालच्या उड्या हळूहळू बसत होत्या. शंभर झाले, मग ब्याण्णव. बाकीच्या पाचजणी चिमटे घेऊन खोळंबल्या होत्या. खोळंबू देत, थोरलीला घाई नव्हती. अठ्ठ्याहत्तरला तिनं विचारलं,

"झालं शांत? मग धरू या?"