फुला म्हणजे मोकळी जागा नव्हे

नॉटिंगहॅमच्या नोकरीत मला पहिली शाबासकी मिळाली ती शब्द पुसल्याबद्दल. घरीही मी हे सांगितलेलं नाही.

आमचं ऑफिस छोटं. लढाईने किंवा पुराने गाव सोडावं लागलेल्या लोकांना मदत करणाऱ्या संस्थांसाठी आम्ही नकाशे करतो. उपग्रहाच्या फोटोवरून रस्ते, घरं, पाणी आखायचं आणि त्या भागातून इकडे आलेल्या माणसांना विचारून ते तपासायचं. याला कम्युनिटी मॅपिंग म्हणतात. सुदानमधल्या एका जिल्ह्याचं काम आलं तेव्हा मदतीला साठीतले एक गृहस्थ आले. तिकडे ते शाळेत भूगोल शिकवत. इथे हॉस्पिटलात पोर्टर होते, पेशंटच्या ट्रॉल्या ढकलत. मी त्यांना उस्ताद म्हणायचे, त्यांच्याकडे शिक्षकाला तेच म्हणतात. ते मला बिंती म्हणत, म्हणजे माझी मुलगी.

दर गुरुवारी शिफ्ट संपवून ते यायचे आणि अंगातला कोट न काढता स्क्रीनसमोर बसायचे. एखाद्या रेघेवर बोट ठेवून मी विचारायचे, ही नदी का? ते मान हलवायचे. नदी नाही, खोर. पावसाळ्यात चार तास धो धो वाहून पुन्हा कोरडा पडणारा ओढा. एरवी त्यातून गाढवं जातात, लॉऱ्याही जातात. झाडाझुडपांनी धरून ठेवलेला वाळूचा जुना उंचवटा म्हणजे गोझ. घर बांधावं तर तिथे, पाणी चढत नाही. गुरांसाठी माणसांनी खणलेलं तळं ते हफीर. आणि मग फुला. तो शब्द ऐकून मला हसू आलं. आमच्या भाषेत ही फुलाला मारलेली हाक वाटेल, असं मी त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत.

"फुला म्हणजे तळं नाही आणि मैदानही नाही," ते म्हणाले. "वर्षातले आठ महिने तुला तिथे सपाट, स्वच्छ जमीन दिसेल, पावसाळ्यात नुसतं पाणी. नवखा माणूस नेमका तिथेच बिऱ्हाड टाकतो. म्हणून तर तिला वेगळं नाव आहे."

मी ते वहीत लिहून घेतलं. मला त्याचं महत्त्व कळत नव्हतं असं नाही. माझे वडील भंडाऱ्याला जमीनमोजणीच्या खात्यात होते. धानाला पाणी देणाऱ्या छोट्या तळीला, म्हणजे बोडीला, कागदावर तलाव म्हटलं की गावकरी कसे अंगावर येतात, हे मी जेवताना त्यांच्या तोंडून कितीदा ऐकलं होतं.

आमच्या फॉर्ममध्ये जमिनीच्या प्रकाराचे ठरलेले नऊ पर्याय होते आणि शेवटी 'लोकल नेम' असा एक रकाना. उस्तादांचे शब्द मी त्या रकान्यात भरत गेले. काम पाठवायच्या आदल्या दिवशी मॅनेजरने पाहिलं तर एकच शब्द पाच वेगळ्या स्पेलिंगांनी आलेला. हे क्लीन कर, एवढंच ती म्हणाली. कसं, ते तिने सांगितलं नाही. मुदत मागून स्पेलिंगं एकसारखी करता आली असती. दोन दिवसांचं काम होतं. पण माझं प्रोबेशन संपायला तीन आठवडे होते आणि व्हिसा त्या नोकरीवर टांगलेला. मी अख्खा रकाना उडवला, राहिले ते फक्त ठरलेले नऊ पर्याय. खोर 'ट्रॅक' झाले. गोझ 'मोकळी जागा' झाले आणि फुलाही 'मोकळी जागा' झाली. एक कोरडी राहणारी जमीन, एक बुडणारी. नकाशात दोघींना एकच फिका पिवळा रंग.

व्हेरी क्लीन डेटा, असा मॅनेजरचा मेल आला. मी पर्मनंट झाले. पुढच्या गुरुवारी उस्तादांनी विचारलं, नावं घातलीस ना? मी हो म्हटलं.

जुलैमध्ये ते अचानक आले, पोर्टरच्या युनिफॉर्ममध्येच. बहिणीने पाठवलेला फोटो त्यांनी मला दाखवला. पाण्यात रांगेने उभे असलेले पांढरे तंबू. गाव सोडलेल्या लोकांसाठी एका संस्थेने ते ठोकले होते, आमचा नकाशा बघून. तिथल्या लोकांनी सांगितलं होतं की ही फुला आहे. तंबूवाल्यांनी त्यांना टॅब्लेटवरचा नकाशा दाखवला. बियाण्याची पोती गेली. बहिणीची सून नुकतीच बाळंत झाली होती, ते बाळ तापाने फणफणलेलं होतं.

"बिंती, तू लिहून घेतलं होतंस ना?"

"लिहिलं होतं," मी म्हटलं. "मग काढून टाकलं."

त्यांनी फोन खिशात घातला. आवाज चढवला नाही. फक्त ती वही मागितली. मी दिली. ते गेले. बाळाचं पुढे काय झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

ऑफिसने रीतसर चौकशी केली. चूक का झाली, त्याचं कारण रिपोर्टमध्ये असं लिहिलं: स्थानिक परिभाषेतील संदिग्धता. त्याखाली माझीही सही आहे. उपाय म्हणून शब्दसूची करायची ठरली आणि उस्तादांना पुन्हा बोलावायला मलाच पाठवलं. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये मी त्यांना रिपोर्ट दिला. त्यांनी तो चष्मा लावून, शाळेचे पेपर तपासावेत तसा सावकाश वाचला.

"यात संदिग्ध काय होतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, निदान यापुढे तरी चूक होऊ नये म्हणून ते शब्द पुन्हा द्या. ते म्हणाले, एकदा दिले होते. मग घड्याळ पाहिलं, कप उचलून ट्रेवर ठेवला आणि कामावर निघून गेले.

शब्दसूची झालीच. वही नव्हती, म्हणून आठवलं तेवढं मी घातलं आणि बाकीचं एका सहकाऱ्याने इंटरनेटवरून जमवलं. फुलाचा अर्थ मी नीट तीन ओळींत लिहिला होता. एका ओळीत बसत नाही म्हणून तो कापून 'लहान तळं' एवढाच ठेवला गेला. नकाशावरही आता ती जागा बारमाही पाण्याच्या निळ्या रंगात दिसते. म्हणजे पुन्हा चूकच. मी दोनदा लिहून कळवलं. पर्यायांची यादी पुढच्या वर्षी बदलेल, असं उत्तर आलं. सूची तयार करणाऱ्यांत पहिलं नाव माझं आहे. उस्तादांचं कुठेच नाही.