तबक पुढे गेलं

शहीद जवानांच्या स्मृतिदिनाची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली, कारण त्या आठवड्याच्या मीटिंगला मी उशिरा पोहोचले. आमच्या इंदिरानगरच्या शाळेत नावडती कामं अशीच वाटली जातात. पण काम मी मन लावून केलं. हे मलाच सांगायला हवं, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

पंधरा दिवस मी चौथीच्या मुलांच्या मागे लागले होते. दोन मिनिटं उभं राहायचं म्हणजे नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. फोटोसमोर फूल फेकायचं नाही, ठेवायचं. आणि जवानाच्या घरचं माणूस आलं की पहिला मान त्याचा. "मोठे पाहुणे आले तरी?" एका मुलीने विचारलं. "तरीही," मी ठणकावून सांगितलं. मग ओवाळण्याचं काम मी तिलाच दिलं.

सायखेड्याजवळच्या एका गावातल्या जवानाच्या पत्नीला मी घरी जाऊन आमंत्रण देऊन आले होते. कार्यक्रमाच्या दिवशी ती एकटीच एसटीने आली, तीही अर्धा तास आधी. प्रमुख पाहुण्या म्हणजे आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याच्या पत्नी. त्यांचा पत्ताच नव्हता. ऑफिसातला सोफा त्यांच्यासाठी झटकून ठेवलेला, म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी या बाईला व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. जिच्या नवऱ्याच्या फोटोला आम्ही हार घालणार होतो, तिला साधं आत बोलवायला यांचं काय जात होतं? माझं डोकं फिरलं होतं. तरी मी चहा तेवढा नेऊन दिला.

पाऊण तासाने पुढारीणबाई आल्या आणि सगळ्यांची धावपळ सुरू झाली. आमच्या सर्वांत जुन्या शिक्षिका, ज्यांना शाळेतल्या प्रत्येक रीतीभातीचा ठेका आपल्याकडेच आहे असं वाटतं, त्यांनी स्टेजवरच्या खुर्च्या बदलल्या. मधली खुर्ची पुढारीणबाईंना, कडेची जवानाच्या पत्नीला.

माझी विद्यार्थिनी तबक घेऊन स्टेजवर चढली. खुर्च्या बदलल्या होत्या, पण पोरगी हुशार. मधली खुर्ची सोडून ती बरोबर कडेला गेली. निरांजन सांभाळत तिने कुंकवात बोट बुडवलं आणि हात वर केला.

"अगं, त्यांना नाही! त्यांना कुंकू लावत नाहीत!"

जुन्या शिक्षिका आपल्या मते हळूच बोलल्या होत्या. पण माइक सुरू होता. अख्ख्या पटांगणाने ऐकलं.

मुलीचं बोट हवेतच थांबलं. खुर्चीतली बाई तिच्याकडे बघत होती, कपाळ किंचित पुढे केलेलं, तसंच. मुलीने त्या शिक्षिकेकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पायऱ्यांपाशी उभी होते, चार पावलांवर. 'लाव' एवढंच म्हणायचं होतं. पण मुख्याध्यापिकाबाई माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या, आणि मला कायम करण्याचा कागद त्यांच्याच सहीसाठी पडून होता.

मी मान हलवली. नाही म्हणून.

तबक पुढे गेलं. पुढारीणबाईंना कुंकू लागलं, फोटो निघाले. मग हिला शाल आणि नारळ दिला, टाळ्या झाल्या. दोन मिनिटांच्या शांततेत एकही मूल हललं नाही. मुख्याध्यापिकाबाई माझ्यावर खूश झाल्या, याचीही मला शिसारी आली.

मी जवानाच्या पत्नीला फाटकापर्यंत सोडायला गेले. माफी मागायची म्हणून तोंड उघडलं, तर तिने हातातली शाल माझ्या हातात कोंबली.

"घरात सात हायेत असल्या. ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच."

"ताई, त्यांचं चुकलंच. मला फार वाईट..."

"त्यांचं सोडा. त्या बाईला मी वळखत बी नाय," ती म्हणाली. "माझ्या घरी येऊन जेवला व्हता तुमी. पोरगी तुमच्याकडं बघत व्हती."

एवढं बोलून ती रिक्षात बसली. तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि का पाहावं?

रात्रभर मी त्या जुन्या शिक्षिकेला मनातल्या मनात फाडून खाल्लं. मुख्याध्यापिकाबाईंना, पुढारीणबाईंनाही सोडलं नाही. सकाळी वर्गात शिरले तेव्हाही राग उतरला नव्हता. काल काय काय शिकलात, म्हणून मुलांना विचारलं. फूल ठेवायचं, कोणी म्हणालं. हलायचं नाही, दुसरं म्हणालं. मग त्या मुलीने हात वर केला.

"जवानाच्या बायकोला ओवाळायचं नसतं."

मी टेबलावर हात आपटला. "हे कोणी शिकवलं तुला?"

ती घाबरून उभीच राहिली. उत्तर चुकलं कुठे हे तिला खरंच कळत नव्हतं.

"बाई, तुम्हीच," ती म्हणाली.